तारतम्य

हायफाँगच्या गल्लीत, प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर
आम्ही तिघं, आणि मधे फिन्टनची वही.
दर महिन्याच्या पाच तारखेला हाच खेळ :
पगार हातात आला
की दुसरीकडे किती उरला असता, ते मोजायचं.

फिन्टन पंचावन्नचा. देगू, जेद्दा, ओसाका,
सगळीकडे चार-चार वर्षं खडू झिजवून आलाय.
देगूत घर फुकट होतं, म्हणतो,
फक्त झोपेत पाय पसरला की भिंतीला लागायचा.
ओसाकात पगार जाडजूड,
पण घरमालकाने घर दिलं याचे आभार म्हणून
दोन महिन्यांचं भाडं आधीच, परत न मागण्याच्या बोलीवर.
जेद्दात कर नाही, बिअर नाही,
म्हणजे शिल्लक दोनदा.
नोम पेन्हला डॉलर मिळतात,
सणावाराला वर्ग बंद, की डॉलरही बंद.

थांडेका खेकड्याच्या रश्शात लिंबू पिळते.
"सोलला माझा पासपोर्ट चालला," म्हणते,
"फोटो चालला नाही."
आणि मिरची मागते.
फिन्टन पेन धरून बसतो.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

माझं नाव लुझविमिंडा.
लुझोन, विसायास, मिंडानाओ,
आजोबांनी नातीच्या बारशात अख्खा देश उरकला.
इलोइलोच्या सरकारी शाळेत तेरा वर्षं इंग्रजी शिकवलं.
इथे तेच पुस्तक, तीच हजेरी, तीच घसा बसलेली दुपार.
फिन्टनला तासाला पाच लाख डोंग, मला तीन.
"इंग्रजी तुमच्या आईची भाषा नाही ना,"
सेंटरचे मिस्टर ख्वात हसत म्हणाले होते, इंग्रजीत.
त्यांच्या वाक्यात दोन चुका होत्या.
मी दुरुस्त केल्या. मनात. फुकट.

आता खोटं कशाला बोलू,
इथले दोन तास म्हणजे इलोइलोतला पुरा दिवस.
म्हणून तर आले.
खोलीचं भाडं चाळीस लाख,
ऐकून माझी धाकटी फोनवर किंचाळली होती,
आई, तू लखपती झालीस!

ते चाळीस लाख न्हानबाई थुंकी लावून मोजते,
त्यातले काही वेगळे काढून
नातवाच्या फीचे म्हणून डब्यात ठेवते.
नातू माझ्याच वर्गात.
म्हणजे माझं भाडं तिच्या डब्यातून सेंटरला,
सेंटरमधून पुन्हा मला,
वाटेत जरा वाळून.

तर परवा वर्गात तर-तम भाव होता.
चीप, चीपर, चीपेस्ट.
एक्स्पेन्सिव्हला शेपूट लागत नाही, त्याच्या पुढे मोर लावायचं.
मग म्हटलं, वाक्यं करा, दोन-दोन, घरातल्या माणसांवर.
खोयने लिहिलं :
माय मदर इज फार.
माय फादर इज फार्दर.

आई ताओयुआनला, कारखान्यात, मास्क लावून.
बाप मालवाहू जहाजावर,
आज कुठल्या पाण्यात ते न्हानबाईलाही ठाऊक नाही.
मी विचारलं, गंमत केलीस का रे?
त्याला कळलंच नाही.
"दोनच वाक्यं सांगितली होती ना, टीचर?"

व्याकरण बरोबर होतं.
स्पेलिंग बरोबर होतं.
लाल पेनाचं टोपण काढून मी इतका वेळ थांबले
की शेजारची मुलगी पुढे वाकून बघायला लागली
त्याचं नेमकं काय चुकलं.
दहापैकी दहा.

फिन्टनला हे सांगितलं नाही.
त्याची वही आता दा नांगपर्यंत पोचली आहे,
समुद्राकाठची खोली, माशाचा भाव, स्कूटरचं पेट्रोल.
थांडेकाने पैसे काढले, तिघांचे,
आज माझी पाळी असूनही.

घरी आले तर दाराशी न्हानबाई, हातात विजेचं बिल.
माझ्यासाठी खास इंग्रजीत म्हणाली,
"धिस मंथ, मोर बिगर."
मोर आणि बिगर, दोन्ही एकदम.
चूक होती.
मी पाकीट उघडलं,
आणि चूक तशीच राहू दिली.